पॅनलवर पीएफ ०.९९ आणि बिलात ०.८८: कपॅसिटर बदलूनही दर महिन्याला तेच का होतं

कपॅसिटर चालू-बंद करणाऱ्या पॅनलच्या रिलेवर पीएफ (पॉवर फॅक्टर, म्हणजे घेतलेल्या विजेपैकी कामाला किती लागली ते गुणोत्तर) ०.९९ झळकतोय, वायरमन म्हणतो सगळं ओके आहे साहेब, आणि महिन्याचं बिल हातात आलं की पीएफ ०.८८. मग पॅनलवाल्याला फोन, तो येऊन दोन कपॅसिटर बदलतो, जमलं तर एखादी स्टेप (एकदम चालू-बंद होणारा कपॅसिटरचा गट) वाढवून देतो, पुढचं बिल थोडं सुधारतं किंवा उलट अजून बिघडतं, आणि तीन-चार महिन्यांनी गाडी पुन्हा तिथेच. वर्कशॉप, मोल्डिंग, लूम, कोल्ड स्टोरेज, कुठेही जा, हेच रडगाणं. बहुतेक ठिकाणी कपॅसिटर कमी पडलेलाच नसतो, त्यामुळे नवीन घेऊन काही होत नाही. रिले आत्ता ह्या सेकंदाला त्याच्या सीटीतून (करंट मोजणारा छोटा ट्रान्सफॉर्मर) जेवढं दिसतं तेवढंच सांगतो, आणि मीटर रात्र, रविवार, सणाची सुट्टी धरून महिनाभराचा हिशोब ठेवतो. ह्या दोघांत फरक नेमका कुठे पडतो ते शोधायचं, खरेदीचं त्यानंतर बघू.

आधी बिलाचं समजून घ्या. महावितरणकडे १ एप्रिल २०२० पासून एचटी (उच्चदाब) ग्राहक आणि २० किलोवॅटच्या वरचे एलटी (लघुदाब) ग्राहक ह्यांचं बिल केव्हीएएचवर बनतं, म्हणजे कामाची वीज (किलोवॅटअवर) आणि नुसती ये-जा करणारी बिनकामाची वीज (केव्हीएआरएच) दोन्ही धरून. पूर्वी पीएफची पेनल्टी किंवा इन्सेन्टिव्ह अशी वेगळी ओळ असायची, आता ती नाही, पीएफ पडला की युनिटच जास्त लागतात आणि मालकाला वाटतं की खप वाढला. दुसरी गोष्ट म्हणजे मीटरमध्ये ह्या केव्हीएआरएचचे लॅग (मोटरसारख्या लोडमुळे येणारे) आणि लीड (कपॅसिटर जास्त झाल्याने येणारे) असे आकडे वेगवेगळे साठतात आणि बिलात दोघांची बेरीज धरतात, वजाबाकी नाही. दिवसा थोडा लॅग, रात्री थोडा लीड, म्हणजे फिट्टंफाट झाली असं पुष्कळ जणांना वाटतं, तसं काही होत नाही.

हिशोबच करून बघू. महिन्याला ९,००० किलोवॅटअवर, लॅगचे १,३००, लीड शून्य, तर केव्हीएएच (दोघांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ) होतात ९,०९३ आणि पीएफ ०.९९. आता ह्याच वर्कशॉपमध्ये १० केव्हीएआरचा (हे कपॅसिटरचं माप) एक फिक्स, म्हणजे रिलेशिवाय थेट जोडलेला कपॅसिटर रात्री ८ ते सकाळी ८ चालू राहिला, तर रोज १२० आणि ३० दिवसांत ३,६०० लीडचे साठले. बेरीज ४,९००. केव्हीएएच गेले १०,२४७ वर आणि पीएफ ०.८८. दिवसभर कोणीही येऊन रिले बघितला तरी ०.९९च दिसणार, आणि बिलात हजाराच्या वर युनिट उगाच चढणार. ह्या माणसाला पॅनलवाल्याने अजून एक फिक्स कपॅसिटर विकला तर काय होईल ते तुम्हीच बघा. (रविवारचे पूर्ण २४ तास मी धरलेलेच नाहीत.)

म्हणून पहिलं काम फुकटातलं आहे. संध्याकाळी काम बंद झाल्यावर मीटरचं बटण दाबत जायचं, किलोवॅटअवर, केव्हीएआरएच लॅग, केव्हीएआरएच लीड हे तिन्ही आकडे लिहून घ्यायचे, फोटो काढला तरी चालतो, आणि सकाळी मशीन सुरू व्हायच्या आधी परत तेच. सीटी मीटर असेल तर फरकाला एमएफने (मल्टिप्लाइंग फॅक्टर) गुणायला विसरू नका, एमएफ बिलावर छापलेला असतो. मग दिवसभराचे आकडे तसेच घ्या. रात्रीत लीड पळाला असेल तर चोर रात्रीचा आहे. दिवसा लॅग पळत असेल तर पॅनल काम करत नाहीये, मग रिले काहीही म्हणो. आणि दिवसाच लीड पळत असेल तर रिलेची सेटिंग नाहीतर सीटी, त्यावर खाली येतो. ह्या एका कागदाने जेवढं कळतं तेवढं पॅनलसमोर तासभर उभं राहून कळत नाही, तरी करत कोणी नाही.

रात्रीचा लीड असेल तर फिक्स कपॅसिटर हुडकायचे. पॅनलमधली पहिली स्टेप पुष्कळदा रिलेशिवाय थेट एमसीबीवर दिलेली असते, ती सोपी, लगेच सापडते. बाकीचे जुने असतात, कॉम्प्रेसरच्या स्टार्टरमागे, पंपाच्या पेटीत, कधी भिंतीवर धूळ खात बसलेला चौकोनी डबा ज्याची वायर कुठे जाते हे कोणालाच माहीत नसतं. मोटरच्या स्टार्टरनंतर जोडलेला असेल तर मोटरबरोबर बंद होतो, त्याने रात्रीचा त्रास नाही. स्टार्टरच्या आधी, लाइनवर असेल तर तो बारा महिने चोवीस तास चालू. आणि त्यात अजून एक नवीन भानगड म्हणजे ड्राइव्ह, मोटरचा वेग कमी-जास्त करणारा व्हीएफडी. जुन्या मोटरला व्हीएफडी बसवला की मोटरचा लॅग लाइनला दिसतच नाही, ड्राइव्हच्या इनपुटचा फंडामेंटलचा (मूळ ५० हर्ट्झचा) पीएफ ०.९५ च्या वरच असतो, मग त्या मोटरसाठी लावलेला कपॅसिटर आता फुकटचा लीड देत बसतो. तो काढा. आणि ड्राइव्हच्या आउटपुटला मोटरच्या टर्मिनलवर जुना कपॅसिटर तसाच राहिला असेल तर आजच्या आज काढा, ड्राइव्ह ओव्हरकरंटला ट्रिप होतोय म्हणून कंपनीचा माणूस बोलवला आणि निघाला हा डबा, असं होतं.

आता दिवसाचा लॅग. इथे टाँगटेस्टर (वायरभोवती अडकवून करंट मोजायचा मीटर) लागतो, ट्रू आरएमएसवाला, साधा नको, लाइनवर हार्मोनिक्स (त्यावर पुढे येतो) असले की साधा चुकीचा आकडा दाखवतो. रिले मॅन्युअलवर टाकून एकेक स्टेप चालू करायची आणि तिन्ही फेजचा करंट मोजायचा. २५ केव्हीएआर ४४० व्होल्टचा कपॅसिटर ४१५ व्होल्टवर साधारण ३१ अँपिअर घेतो, दहाचा घेईल साडेबाराच्या आसपास. तिन्ही फेज सारखे आणि एवढेच आले तर स्टेप चांगली. तिन्ही सारखे पण २० च आले तर कपॅसिटर झिजलाय. हल्लीचे फिल्मवाले कपॅसिटर आत छोटा पंक्चर झाला की स्वतःच सावरतात पण दर वेळी थोडी कपॅसिटी घालवून, त्यामुळे बाहेरून डबा कोरा करकरीत आणि आतून निम्मा. एका फेजवर शून्य आणि बाकी दोनवर २७ च्या आसपास आले तर त्या फेजचा फ्यूज गेला नाहीतर काँटॅक्टरचा (रिलेच्या सांगण्यावरून स्टेप जोडणारा स्विच) एक पोल लागत नाहीये. एका फेजवर पूर्ण ३१ आणि बाकी दोनवर १८ आले तर कपॅसिटरच्या आतलं डेल्टाचं (त्रिकोणी जोडणीचं) एक अंग तुटलंय, तो भंगारात. गोल डब्याचं झाकण वर फुगलेलं असेल तर मोजूच नका, आतल्या प्रेशरने सेफ्टीची वायर तुटलेली असते, तो गेला. आणि काँटॅक्टर खटकन ओढला, रिलेवर लाल दिवा लागला, म्हणजे स्टेप चालू झाली असं समजू नका. रिले फक्त कॉइलला व्होल्टेज देतो, पुढे करंट गेला का हे बऱ्याच साध्या रिलेंना कळत नाही. सहापैकी तीन स्टेप मेलेल्या आणि रिलेवर सहाच्या सहा दिवे, असे पॅनल आहेत.

हात घालायच्या आधी एक सांगतो, मेन बंद केला म्हणून कपॅसिटर मेलेला नसतो. डिस्चार्ज रेझिस्टर तुटलेला असू शकतो, बदलाबदलीत कोणीतरी तो काढूनच टाकलेला असतो. पाच मिनिटं थांबा, मीटरने टर्मिनलवर व्होल्टेज बघा, मग इन्सुलेटेड लीडने शॉर्ट करा, आणि मगच पाना लावा. आणि सीटीची वायर चालू लोडवर उघडी करायची नाही, आधी सीटीचे टर्मिनल शॉर्ट करायचे, नाहीतर जे व्होल्टेज तयार होतं ते माणसाला सोडत नाही.

स्टेप सगळ्या चांगल्या निघाल्या तरी आकडा जुळत नाही, तर सीटी बघा. सीटी अशा जागी पाहिजे की मशीनचा करंट आणि कपॅसिटरचा करंट दोन्ही त्यातून जातील, म्हणजे इन्कमरवर (बाहेरून वीज आत येते त्या मेन केबलवर), पॅनलच्या टॅपिंगच्या आधी, मीटरच्या बाजूला. शेड वाढवताना नवीन फीडर सीटीच्या आधीच काढला की त्या शेडची मशीन रिलेला दिसतच नाहीत. किंवा सीटी कपॅसिटरच्या पुढे नुसत्या लोडवर बसला की रिलेला पीएफ कायम वाईट दिसतो, तो बिचारा सगळ्या स्टेप टाकून बसतो आणि तिकडे मीटरवर लीड. टेस्ट सोपी आहे: लोड स्थिर असताना मॅन्युअलवर एक चांगली स्टेप टाका, रिलेवरचा पीएफ आणि करंट हलला पाहिजे, लॅग असेल तर करंट कमी झाला पाहिजे. ६० किलोवॅट ०.८ वर १०४ अँपिअर घेतात, तेच ०.९९ वर ८४, एवढा मोठा फरक टाँगटेस्टरवर लपत नाही. स्टेप टाकूनही रिलेवरचा आकडा ढिम्म, तर सीटीची जागा चुकली.

सीटीचा रेश्यो चुकीचा भरला तर मजा वेगळी असते. रिलेवर पीएफ बरोबरच दिसतो कारण तो नुसता गुणोत्तराचा आकडा आहे, पण किती केव्हीएआर टाकायचे हा हिशोब फसतो. सीटी १००/५ चा आणि रिलेत २००/५ भरलं की रिलेला गरज दुप्पट वाटते, तो जास्त टाकतो, लीड झाला म्हणून काढतो, परत टाकतो, दिवसभर खटखट खटखट आणि महिन्या-दोन महिन्यांत काँटॅक्टर जळालेला. उलटं भरलं की तो कमी टाकतो आणि शेवटचा थोडा लॅग तसाच सोडून देतो. फेजचंही बघा, साध्या रिलेला सीटी आर फेजवर असेल तर व्होल्टेज वाय आणि बी मधून द्यायचं असतं, रिलेच्या अंगावर डायग्राम असतो, केबल बदलताना फेज फिरले की सगळंच उलटं. आणि वेल्डिंगवाल्यांनो, तुमची मशीन दोन फेजवर चालतात, ती वाय-बी वर असतील आणि सीटी एकटा आर वर, तर रिलेला वेल्डिंग चाललंय हेच माहीत नसतं. मशीन तिन्ही जोड्यांवर वाटून द्या, नाही जमलं तर तीन सीटीवाला रिले घ्या. स्पॉट वेल्डिंगसारखा सेकंदात येणारा-जाणारा लोड असेल तर काँटॅक्टर त्याच्यामागे धावूच शकत नाही, तिथे थायरिस्टर (इलेक्ट्रॉनिक स्विच) स्विचिंग लागतं, महाग आहे पण दुसरा इलाज नाही.

आता ज्यांचे कपॅसिटर खरंच मरतात, नवीन टाकला की वर्षाच्या आत फुगतो, त्यांच्यासाठी. कंपनी बदलून बघितली तरी तेच, कारण मारणारा बाहेर आहे. आधी काँटॅक्टर बघा. कपॅसिटर ड्युटीच्या काँटॅक्टरला वर वेटोळ्यासारख्या रेझिस्टन्सच्या तारा असतात, त्या आधी लागतात आणि चालू होतानाचा झटका कमी करतात, आधीच्या स्टेप चालू असताना हा झटका रेटेड करंटच्या शंभरपटीपर्यंतही जाऊ शकतो. तो जळाला की स्टोअरमध्ये असलेला साधा मोटरचा काँटॅक्टर बसवून टाकतात, बसतो तो, चालतोही, आणि प्रत्येक वेळी कपॅसिटरला फटका देत राहतो, नाहीतर कॉन्टॅक्ट चिकटून स्टेप कायमची चालू, मग परत रात्रीचा लीड. दुसरं म्हणजे स्विचिंगची वेळ. नुकती बंद झालेली स्टेप डिस्चार्ज व्हायच्या आत परत चालू झाली तर झटका अजून मोठा, म्हणून रिलेतला डिले कोणी पाच सेकंदांवर आणला असेल तर तो परत मिनिटाच्या वर न्या. तिसरी उष्णता. पॅनलवर साधारण ५५ डिग्रीपर्यंत चालणारे कपॅसिटर असतात, तेही कमाल, दिवसाची सरासरी ४५ च धरलेली असते. एप्रिल-मे मध्ये पत्र्याच्या शेडखाली बंद पॅनल, पंखा बंद, जाळीवर लिंट नाहीतर पिठासारखी धूळ, आतलं तापमान मोजून बघा एकदा.

आणि चौथं हार्मोनिक्स, ज्याचं नाव सगळे घेतात आणि मोजत कोणी नाही. ड्राइव्ह, इंडक्शन फर्नेस, यूपीएस ह्यांच्यामुळे पाचवा, सातवा हार्मोनिक, म्हणजे ५० हर्ट्झच्या पाचपट, सातपट फ्रिक्वेन्सीचा करंट येतो, आणि जास्त फ्रिक्वेन्सीला कपॅसिटर जास्त करंट ओढतो. ३१ यायला पाहिजेत तिथे ट्रू आरएमएसवर ४० आले की समजा तेच. स्टँडर्डप्रमाणे कपॅसिटर रेटेडच्या १.३ पट करंट सोसतो, म्हणजे ह्या डब्याला ४२-४३, त्याच्यावर तो तापून मरणार. त्यात ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटरचं रेझोनन्स जुळलं, म्हणजे दोघं मिळून एखादा हार्मोनिक वाढवायला लागले, तर विचारूच नका. २०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर, इंपिडन्स ४.५ टक्के, त्याची शॉर्टसर्किट लेव्हल होते ४,४४४ केव्हीए, आणि तुमचे ९० केव्हीएआर चालू आहेत, तर भागाकार ४९ च्या जवळ आणि वर्गमूळ ७. म्हणजे बरोबर सातव्या हार्मोनिकवर जाऊन बसलात. एक स्टेप कमी-जास्त झाली की त्रास गायब होतो आणि दुपारी परत येतो, म्हणून हा प्रकार भुतासारखा वाटतो.

इलाज डिट्यून्ड रिअ‍ॅक्टर. ही कपॅसिटरच्या सिरीजमध्ये लावायची कॉइल. ७ टक्क्यांचा रिअ‍ॅक्टर घातला की ती जोडी १८९ हर्ट्झवर ट्यून होते, पाचव्याच्या म्हणजे २५० हर्ट्झच्या खाली, आणि हार्मोनिकला वाट मिळत नाही. पण हे अर्धवट करू नका. रिअ‍ॅक्टर घातला की कपॅसिटरवरचं व्होल्टेज साडेसात टक्के वाढतं, ४१५ चे ४४६ होतात आणि रात्री लाइन ४४० वर चढली तर ४७३. जुने ४४० चे डबे तसेच ठेवून नुसते रिअ‍ॅक्टर जोडले तर ते लवकर मरतील, तिथे ४८० किंवा ५२५ चे लागतात. पण ५२५ चा डबा घेताना त्यावरचा आकडा तसाच धरू नका, २५ केव्हीएआर ५२५ व्होल्टचा डबा ४१५ वर नुसता लावला तर साडेपंधराच देतो, रिअ‍ॅक्टर जोडल्यावर थोडा वाढतो, तरी २५ नाही. दुकानदार हे सांगत नाही. आणि निम्म्या स्टेपना रिअ‍ॅक्टर, निम्म्या तशाच, असंही नको.

एक नवीन प्रकार आता वाढलाय तो सोलरचा. छतावर सोलर बसवला आणि पीएफ कोसळला म्हणून लोक सोलरवाल्याशी भांडतात. लोड ६० किलोवॅट आणि ४० केव्हीएआर आहे, दुपारी सोलरने ५० किलोवॅट दिले, केव्हीएआर काही दिले नाहीत. मीटरमधून १० किलोवॅट येतात आणि ४० केव्हीएआर तसेच, पीएफ ०.२४. कपॅसिटर पॅनल असलं आणि सोलर सीटीच्या वर, मीटरच्या बाजूला जोडलेला असला, तर रिले ६० किलोवॅटवर ०.९९ करून निवांत बसतो, उरलेले साडेआठ केव्हीएआर त्याला चालतात, पण मीटरपुढे १० ला साडेआठ म्हणजे ०.७६. रिले खोटं बोलत नाहीये, त्याला सोलर दिसतच नाहीये. सीटी मीटरच्या बाजूला सोलरच्या जोडाच्या आधी हलवायचा आणि एक्स्पोर्ट होत असेल तर चार क्वाड्रंटचा (आत येणारी आणि बाहेर जाणारी वीज वेगळी ओळखणारा) रिले घ्यायचा, साधा रिले उलटा करंट बघून गोंधळतो. इन्व्हर्टरलाही थोडे केव्हीएआर द्यायला सेट करता येतं, सोलरवाल्याला विचारा. मात्र घाबरण्याआधी केव्हीएएचचा हिशोब करा, दुपारचा खपच कमी असल्यामुळे पीएफचा आकडा भयानक दिसतो पण रुपयांत फरक छोटा निघू शकतो.

हे सगळं तपासून मग खरंच कमी पडत असेल तर नवीन घ्या. ६० किलोवॅट ०.७५ वरून ०.९९ वर न्यायचे तर गुणक ०.७४, म्हणजे ४४-४५ केव्हीएआर. त्याच्या २५-२५ च्या दोन मोठ्या स्टेप करू नका, ५, १०, १५, १५ अशा करा, नाहीतर हलक्या लोडला एकतर लॅग नाहीतर लीड, मधे थांबायला जागाच नाही. एकट्या मोटरला लावायचा तर तिच्या नो-लोड केव्हीएआरच्या ९० टक्क्यांच्या वर नको, बंद करताना मोटर स्वतःच जनरेटर होऊन व्होल्टेज चढवते. आणि घरच्या सॉकेटमध्ये लावायचा वीजबचतीचा डबा कोणी विकत असेल तर घेऊ नका, घरगुती बिल किलोवॅटअवरवर असतं, पीएफ सुधारून तिथे एक पैसा वाचत नाही.

डीजी (डिझेल जनरेटर) असेल तर चेंजओव्हरच्या ऑक्झिलरी कॉन्टॅक्टमधून पॅनलचा कंट्रोल सप्लाय घ्या, म्हणजे डीजीवर गेलं की सगळ्या स्टेप आपोआप पडतील. लाइट गेली, डीजी चालू झाला, लोड अजून आलेला नाही आणि एखादी चिकटलेली किंवा फिक्स स्टेप तशीच लाइनवर, तर अल्टरनेटरचं व्होल्टेज चढतं, एव्हीआरला (जनरेटरचं व्होल्टेज सांभाळणारा भाग) ते खाली आणता येत नाही आणि सीएनसीची कार्डं जातात. त्या कार्डाची किंमत अख्ख्या कपॅसिटर पॅनलपेक्षा जास्त असू शकते, तेव्हा हे काम बिलाची वाट न बघता ह्याच आठवड्यात उरकून घ्या.